स्पॅनिशमध्ये ‘अहो’ कुणाला आणि ‘अरे’ कुणाला?

मागच्या अंकात म्हटलं होतं की स्पॅनिश शिकताना अडलं तर विचारा. मला वाटलं क्रियापदांवर पत्रं येतील, पण निम्म्याहून जास्त पत्रं नुसत्या नमस्कार-चमत्कारावरच आलीत. बरंच झालं. क्रियापद चुकलं तर लोक हसून सोडून देतात, पण नमस्कार चुकला की आपल्यालाच दोन दिवस रुखरुख लागते. तर यावेळी सगळं तेवढंच.

प्रश्न (पुणे): कंपनीच्या कामासाठी ६ महिने माद्रिदला जायचंय. तिकडच्या मॅनेजर बाई पन्नाशीच्या पुढच्या असतील. पहिल्या व्हिडिओ कॉलवर मी क्लासमध्ये पाठ केलेलं ‘कोमो एस्ता उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही कशा आहात’, म्हटलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुतेआमे, पोर फाबोर’. नंतर डिक्शनरीत बघितलं तर त्याचा अर्थ ‘मला तू म्हण’ असा निघाला. माझं काही चुकलं का? आणि वयाने एवढ्या मोठ्या बाईला तू म्हणायला जीभच रेटत नाही हो.

उत्तर: चुकलं काहीच नाही, उलट अगदी बरोबर सुरुवात केलीत. आधी उस्तेद, म्हणजे आपलं अहो-जाहो, आणि समोरच्याने सांगितलं की तू, हाच तिथला सरळ रस्ता आहे.

‘तुतेआर’ म्हणजे ‘तू’ म्हणून बोलणं. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, अरे-तुरे करणं. गडबड अशी की मराठीत ‘तो माझ्याशी अरे-तुरे करायला लागला’ किंवा ‘मीटिंगमध्ये एकेरीवर आला’ म्हटलं की भांडणच डोळ्यासमोर येतं, आणि स्पेनमध्ये ‘आपण अरे-तुरे करूया का’ असं चारचौघात विचारतात आणि ते ऐकून माणूस खूश होतो. तुमच्या मॅनेजर बाईंनी तुम्हाला सुधारलं नाही, जवळ बोलावलं. आता तुम्ही पुन्हा उस्तेद-उस्तेद करत राहिलात तर त्यांना आदर वाटणार नाही, त्यांना वाटेल हा माणूस लांबच राहतोय नाहीतर कशावरून तरी रागावलाय.

माझाच किस्सा सांगते. शिकायला गेले होते तेव्हा ज्या आजींकडे खोली घेतली होती त्या सत्तरीच्या, पांढरे केस, चष्मा, अगदी आपल्या शेजारच्या काकू वाटाव्यात अशा, त्यामुळे मी आपलं मनापासून उस्तेद सुरू ठेवलं. चौथ्या दिवशी आजी वैतागून म्हणाल्या, ‘नो मे त्रातेस दे उस्तेद, के मे आथेस ब्येखा!’ म्हणजे मला अहो-जाहो करू नकोस, म्हातारी करून टाकतेस मला! मी त्यांचं वय मोजत होते आणि त्या आमच्यातलं अंतर मोजत होत्या.

तरी स्पेनमध्ये उस्तेद संपलंय असं समजू नका. पोलीस, कोर्ट, सरकारी खिडकी, रस्त्यात भेटलेले अनोळखी आजोबा, तिथे उस्तेदच चांगलं दिसतं. पण ऑफिसमध्ये, दुकानात, पार्टीत, अगदी शाळेत सुद्धा सर्रास तू चालतं, पोरं बाईंना नावाने हाक मारतात आणि तू म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच दचकले होते.

जीभ रेटत नाहीये ना, मग हे बघा. आपण आईला काय म्हणतो? तू. विठोबाला काय म्हणतो? तू. देवाला अहो-जाहो कोणी करत नाही. स्पॅनिश लोक सुद्धा प्रार्थनेत देवाला तूच म्हणतात. तेव्हा तू म्हटलं की मान कमी होतो हे आपल्याच भाषेत पूर्ण खरं नाहीये.

एक चूक मात्र मराठी माणूस हमखास करतो, माझ्या वर्गात दर बॅचला होते. आपलं आदरार्थी बहुवचन डोक्यात पक्कं असल्यामुळे एका माणसाला विचारताना लोक ‘कोमो एस्तान उस्तेद’ म्हणतात. नाही! उस्तेद एकवचन आहे आणि त्याचं क्रियापद ‘तो’ किंवा ‘ती’ला लागतं ते. म्हणजे मित्राला ‘कोमो एस्तास’, साहेबांना ‘कोमो एस्ता’, आणि ‘एस्तान’ फक्त समोर दोघं-तिघं असतील तेव्हा, ‘कोमो एस्तान उस्तेदेस’. समोर बसलेल्या माणसाबद्दल ‘तो’चं क्रियापद कसं काय, असं वाटत असेल तर याचं मूळ बघा. जुन्या स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाला ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’ म्हणायचे, म्हणजे ‘आपली कृपा’, साधारण आपलं ‘सरकार’ किंवा ‘महाराज’ धरा, आणि तेच घासत घासत उस्तेद झालं. आता आपल्याकडे समोर बसलेल्या आजोबांनाच आपण विचारतो की नाही, ‘आजोबांनी चहा घेतला का?’, ‘मालक काय घेणार?’ अगदी तोच प्रकार. ‘सरकार कसे आहेत?’ असं मनात म्हणा, क्रियापद आपोआप बरोबर येईल.

प्रश्न (नाशिक): आम्ही नवरा-बायको स्पेनला फिरून आलो. सेवियामध्ये दुपारी १ वाजता एका दुकानात शिरताना मी ऐटीत ‘ब्वेनास तार्देस’, म्हणजे शुभ दुपार, म्हटलं तर दुकानदार म्हणाला ‘ब्वेनोस दीआस’, म्हणजे शुभ सकाळ. घड्याळ बघितलं, १ वाजून गेलेला. तो माझी चूक काढत होता का? आणि एकदा ब्वेनोस, एकदा ब्वेनास, हे काय आहे?

उत्तर: तो चूक काढत नव्हता, त्याचं जेवण व्हायचं होतं! स्पेनमध्ये दुपार घड्याळावर नाही तर ताटावर ठरते. जेवण २-३ वाजता, त्यामुळे तोपर्यंत सकाळच. जेवण झालं की तार्देस, ते उन्हाळ्यात पार ८ वाजेपर्यंत कारण तिथे तेव्हा लख्ख उजेड असतो, आणि अंधार पडला किंवा रात्रीच्या जेवणाची वेळ झाली की ‘ब्वेनास नोचेस’. हेच तुम्ही मेक्सिकोत असतात तर १२ वाजून गेल्यावर तार्देसच बरोबर ठरलं असतं. आणि काहीच सुचत नसेल तर नुसतं ‘ब्वेनास’ म्हणा, पुढचा शब्द गिळून टाका, दिवसभर चालतं. फक्त ते थोडं घरगुती आहे, इंटरव्ह्यूला नको.

‘ब्वेनास नोचेस’ नुसतं शुभ रात्री नाहीये बरं का. रात्री ९ ला हॉटेलात शिरताना सुद्धा तेच म्हणायचं. आपल्याला ते झोपायला जातानाचं वाटतं म्हणून लोक बिचकतात.

ब्वेनोस-ब्वेनास म्हणजे लिंगाचा मामला, चांगला-चांगली सारखा. तार्दे आणि नोचे स्त्रीलिंगी म्हणून ब्वेनास. दीआ आकारान्त असून सुद्धा पुल्लिंगी, आपला तो ‘राजा’ असतो तसा, म्हणून ब्वेनोस. आणि सगळं अनेकवचनात, ‘चांगले दिवस’. पूर्वी ‘देव तुम्हाला चांगले दिवस देवो’ असं लांबलचक म्हणायचे, त्याचं शेपूट गळून एवढंच उरलं. अर्जेंटिनात मात्र एकवचनात ‘ब्वेन दीआ’ भरपूर ऐकू येतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण इथे आपले लोक उद्धट ठरतात आणि त्यांना पत्ता पण नसतो. स्पेनमध्ये लिफ्टमध्ये शिरलात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरलात, छोट्या दुकानात शिरलात, तर तिथे असलेल्या सगळ्यांना मिळून एक ‘ब्वेनोस दीआस’ टाकायचं, ओळख असो नसो. बाहेर पडताना ‘आस्ता ल्वेगो’, शब्दश: ‘नंतरपर्यंत’, जरी त्या माणसाचं तोंड जन्मात पुन्हा दिसणार नसलं तरी. आपण लिफ्टमध्ये शिरून मजल्याच्या आकड्याकडे बघत उभे राहतो ना, ते तिथे बरं दिसत नाही. ‘आदिओस’ म्हणजे निरोप असं पुस्तकात असतं पण गावाकडे समोरून चालत येणारा माणूस न थांबताच ‘आदिओस’ म्हणून पुढे जातो, तो हाकलत नसतो, रामराम घालत असतो.

प्रश्न (ठाणे): आमच्या मुलीने ब्वेनोस आयरेसच्या मुलाशी लग्न ठरवलंय. पुढच्या महिन्यात त्याचे आईवडील व्हिडिओ कॉलवर येणारेत आणि नंतर प्रत्यक्ष इकडे येणारेत. मला चार वाक्यं तरी त्यांच्या भाषेत बोलायचीत. विहीणबाईंना उस्तेद म्हणू ना? मुलगी म्हणते तिकडे तू-उस्तेद नाही, वेगळंच काहीतरी आहे. आणि ते गालाला गाल लावणं मला कितपत जमेल सांगता येत नाही.

उत्तर: आधी अभिनंदन! मुलगी बरोबर सांगतेय. अर्जेंटिनात ‘तू’ जवळजवळ वापरतच नाहीत, त्याच्या जागी ‘बोस’ आहे. उरुग्वेत पण बहुतेक तेच. गंमत म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी स्पेनमध्ये बोस हा मानाचा शब्द होता, मग तो वापरून वापरून स्वस्त झाला, वर उस्तेद येऊन बसला आणि स्पेनने बोस टाकूनच दिला, पण समुद्रापलीकडे तो घरातला होऊन राहिला. ‘तू आहेस’ला स्पेनमध्ये ‘तू एरेस’, तिकडे ‘बोस सोस’. तुम्हाला मात्र टेन्शन नको, कारण ‘कशी आहेस’ दोन्हीकडे ‘कोमो एस्तास’च आहे. बोसचं वेगळं रूप तिथे लागतच नाही.

आता विहीणबाईंना काय म्हणायचं. आपल्याकडे विहिणी-विहिणी म्हणजे अहो-जाहो, मानपान, त्यात शब्द कमी पडला तर तीन पिढ्या लक्षात ठेवतात. अर्जेंटिनाचा सूर याच्या बरोबर उलटा आहे, ते पहिल्या पाच मिनिटांत बोसवर येतात. माझं ऐकाल तर पहिलं वाक्य उस्तेदने टाका, ‘मुचो गुस्तो, कोमो एस्ता?’ म्हणजे ‘भेटून आनंद झाला, कशा आहात?’ त्या बहुतेक लगेच तुम्हाला एकेरीत उत्तर देतील, तसं झालं की तुम्ही पण उतरा खाली. तुमचा मान तुम्ही दिलात, त्यांचा मोकळेपणा त्यांनी दिला, फिट्टंफाट.

‘मुचो गुस्तो’च्या ऐवजी ‘एन्कान्तादा’ पण म्हणता येईल. बाई बोलत असेल तर एन्कान्तादा, पुरुष असेल तर एन्कान्तादो, म्हणजे तुमचे मिस्टर ‘दो’ म्हणतील. हे बोलणाऱ्यावर अवलंबून. पण ‘या, स्वागत आहे’ म्हणताना उलटं, ते येणाऱ्यावर अवलंबून, विहीणबाई दारात आल्या की ‘ब्येन्बेनीदा’, व्याही आले की ‘ब्येन्बेनीदो’, आणि दोघं एकदम आले तर ‘ब्येन्बेनीदोस’. त्यांनी ‘मुचो गुस्तो’ म्हटलं तर उत्तरात ‘इग्वालमेन्ते’, म्हणजे मला पण तसंच. एवढ्यावर पहिला कॉल आरामात निघतो, पुढचं मुलगी बघेल.

गालाचं सांगते. स्पेनमध्ये दोन वेळा, एकेका गालाला एकदा. अर्जेंटिनात एकदाच. ओठ टेकवायचे नसतात, गालाला गाल आणि हवेत नुसता आवाज. पण आधीच सांगून ठेवा तुमच्या मिस्टरांना, की अर्जेंटिनात पुरुष पुरुष सुद्धा गालाला गाल लावून भेटतात, नाहीतर व्याही पुढे झाले आणि हे दोन पावलं मागे सरकले असं व्हायचं. अगदीच जमत नसेल तर हसून हात जोडा आधीच, समोरचा समजून घेतो, नमस्कार आता जगभर लोकांना माहितीये. अर्धवट पुढे होऊन मग थांबणं सगळ्यात वाईट, त्यात चष्मे आपटतात.

प्रश्न (मडगाव): आमच्या घरात आजी अजून बों दिया, बोआ तार्द म्हणते. मग मला स्पॅनिश सोपं जायला पाहिजे ना?

उत्तर: जाईलच. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते आणि पोर्तुगीज-स्पॅनिश सख्ख्या बहिणी, त्यामुळे कान आधीच तयार आहे तुमचा. पण बहिणी आहेत म्हणूनच फसवतात पण. बों दिया एकवचन, ब्वेनोस दीआस अनेकवचन, आणि घाईत लोक दोन्हीची भेसळ करतात. ‘ओब्रिगाद’ची सवय असेल तर ती सोडा, स्पॅनिशमध्ये आभार म्हणजे ‘ग्रासिआस’, आणि तेच स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून ‘ग्राथिआस’.

खरं तर गोव्यातच कशाला, सगळ्या मराठी घरात पोर्तुगीज भरलंय. साबण, चावी, बादली, पगार, बटाटा हे सगळे तिकडूनच आलेले. स्पॅनिशमध्ये साबणाला ‘खाबोन’, पैसे देण्याला ‘पागार’. माझ्या वर्गात ‘पागार’ शब्द आला की एकाला तरी हसू येतंच, कारण महिनाअखेर तोंडावर आलेली असते.

प्रश्न (कोल्हापूर): मी मोबाईलवर स्वत:च शिकतोय. उच्चार देवनागरीत लिहून घेतो, तर एका मित्राने सांगितलं की ही वाईट सवय आहे. खरंय का?

उत्तर: मित्राला सांगा, इंग्रजीच्या चष्म्यातून स्पॅनिश वाचणं ही त्याहून वाईट सवय आहे. स्पॅनिशचा त आणि द आपल्यासारखाच दातांवरचा आहे. रोमन अक्षरं बघून लोक ‘बुएनास टार्डेस’ म्हणतात, ते कानाला खडबडीत लागतं. तार्देस लिहून घेतलंत तर तार्देसच म्हणाल. ‘ओला’, म्हणजे हॅलो, लिहिताना पुढे ह चं अक्षर असतं पण ते मुकं आहे, देवनागरीत लिहिलं की तो प्रश्नच मिटला.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. एक म्हणजे च. आपले च दोन, ‘चार’मधला आणि ‘चोर’मधला. स्पॅनिशमध्ये फक्त ‘चार’मधला. आता ‘मुचो’ असं लिहिलं की मराठी डोळा त्यातला चो ‘चोर’सारखा वाचतो आणि तिथेच घोटाळा होतो, म्हणून मी पोरांना वहीत ‘मुच्यो’ लिहायला सांगते. दुसरं, उस्तेदमधला शेवटचा द. तो ठासून म्हणायचा नाही, अगदी हलका, माद्रिदमध्ये तर कित्येक जण ‘उस्ते’ म्हणूनच मोकळे होतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): स्पेनमधल्या एका प्रोफेसरांना ईमेल लिहायचंय. नावात दोन-दोन आडनावं आहेत, कुठलं घ्यायचं? ‘ओला’ने सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर: पहिल्या ईमेलला ‘ओला’ नको. ‘एस्तिमादो’, म्हणजे आदरणीय, लिहा, बाई असतील तर ‘एस्तिमादा’, पुढे ‘प्रोफेसोर’ किंवा ‘प्रोफेसोरा’ आणि आडनाव. त्यानंतर स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम, ते दोन टिंब एकाखाली एक, हे स्पॅनिशवाले बारकाईने बघतात. दोन आडनावांपैकी पहिलं मुख्य, सहसा वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस हे नाव ऐकलंच असेल, त्यांना नुसतं ‘मार्केस’ म्हणणं म्हणजे आडनाव अर्धवट तोडणं. शेवटी ‘आतेन्तामेन्ते’, म्हणजे आपला नम्र, किंवा ‘उन सालूदो’, म्हणजे नमस्कार. उत्तरात त्यांनीच ‘ओला’ आणि तुमचं पहिलं नाव लिहिलं तर समजा दार उघडलं. ‘उन आब्राथो’ म्हणजे मिठी, ती त्यांनी आधी मारू दे.

पुरुषाला ‘दोन’ आणि बाईला ‘दोन्या’ हे मानाचे शब्द पण लोक नुसत्या आडनावाला चिकटवतात, ते चूक. ते पहिल्या नावाला लागतात, आपल्या गणपतरावातल्या ‘राव’सारखे. गणपतराव म्हणतो, कुलकर्णीराव म्हणत नाही, तसंच.

प्रश्न (सांगली): ऑनलाइन एक कोलंबियन मैत्रीण झालीये, बोगोताची. आमची इतकी दोस्ती असून ती मला उस्तेद म्हणते. मी काही दुखावलंय का तिला? परवा तर ती तिच्या कुत्र्याला सुद्धा उस्तेद म्हणत होती!

उत्तर: कुत्र्याला म्हणतेय म्हणजे तुम्ही घरातल्याच झालात. बोगोता आणि आजूबाजूच्या डोंगराळ भागात उस्तेद हा मायेचा शब्द पण आहे, नवरा-बायको, आई-मुलं, जिवलग मित्र, सगळे उस्तेद. वर तिथे ‘सुमेर्से’ असा अजून एक लाडिक शब्द आहे, तो पण त्या जुन्या ‘कृपे’चाच नातेवाईक. पहिल्या उत्तरात मी स्पेनचं सांगितलं ते स्पेनचं, ही भाषा २० देशांची राजभाषा आहे, सगळीकडे एकच माप कसं लागेल. आपल्याकडे नाही का, घरोघरी बायका नवऱ्याला अहो म्हणतात त्यात माया पण असते, आणि आई भडकली की लेकाला ‘या साहेब, उजाडलं का?’ म्हणते त्यात आदर औषधाला नसतो. तुम्ही पण तिला बिनधास्त उस्तेद म्हणा.

प्रश्न (सोलापूर): फोन उचलल्यावर काय म्हणायचं?

उत्तर: ते देशावर अवलंबून आहे. स्पेनमध्ये ‘दिगा’ किंवा ‘दीगामे’, म्हणजे ‘बोला’, अगदी आपल्यासारखंच. मेक्सिकोत ‘ब्वेनो’. अर्जेंटिनात ‘ओला’. आणि कोलंबिया, पेरू, चिलेमध्ये ‘आलो?’, त्यामुळे तिकडे फोन लावलात आणि पलीकडून कोणी ‘आलो’ म्हणालं तर दार उघडायला पळू नका. उलट आपण कोणी हाक मारली की ‘आलो आलो’ म्हणतो ना, तिथे स्पॅनिश माणूस म्हणतो ‘या बोय’, म्हणजे ‘जातो’. आपले लोक मराठीवरून ‘बेंगो’ म्हणजे ‘येतो’ म्हणतात, आणि समोरचा वाट बघत बसतो की हा नक्की कुठून येतोय.